म्हातारपणी घर सोयीचे करायचे, तर सरकारी पैसा कुठून मिळतो?

आधी खरे ते सांगायला हवे. वृद्धांच्या घरात कठडे, रॅम्प किंवा उंच बैठकीचे शौचालय करून घेण्यासाठी थेट पैसे देणारी वेगळी योजना आपल्याकडे नाही. परभणी जिल्ह्यातल्या येलदरीसारख्या गावातल्या कुटुंबालाही दोन-तीन ठिकाणांहून थोडे थोडे मिळवून हे काम जुळवावे लागते. ते जुळते, पण क्रम चुकला की महिनोन्‌महिने रखडते.

सुरुवात घर पाहून करावी, कागद नंतर. घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर रात्रीच्या वेळी खाटेपासून शौचालयापर्यंत चालून पाहावे. आपल्याकडे शौचालय बहुधा परसात असते. वाटेत उंबरा, अंधार, ओली फरशी आणि शेवटी उंच पायरी. अडचण नेमकी कुठे आहे ते लिहून ठेवावे, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्यावरच ठरणार आहे.

पहिला पैसा राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा. फेब्रुवारी 2024 मध्ये ती सुरू झाली. यात 65 वर्षे पूर्ण केलेल्यांना एकदाच 3,000 रुपये मिळतात. अट अशी, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असावे. हा पैसा भिंत-फरशीसाठी नसून कमोड खुर्ची, फोल्डिंग वॉकर, काठी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी आहे. गुडघे धरलेल्या माणसाला कमोड खुर्ची म्हणजे मधे भोक असलेली, भारतीय शौचकूपावर ठेवता येणारी खुर्ची. माझ्या मते पहिली खरेदी हीच असावी.

अर्ज परभणीच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे करायचा असतो. सध्या अर्ज घेतात का, हे आधी विचारावे आणि मगच भाडे खर्चून जावे. आधारकार्ड, बँक पासबुक, दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र सोबत ठेवावे.

गाडी अडते ती बँकेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. पासबुक आहे म्हणजे खाते जोडलेले आहे, असे धरून चालू नये. शाखेत जाऊन खात्री करावी. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे अनेकदा यंत्रावर उमटत नाहीत. तेव्हा डोळ्यांच्या बुबुळांची ओळख घेता येते का, ते विचारावे. आधार आणि पासबुक यांवरच्या नावात फरक असेल तर तो अर्जाआधीच दुरुस्त करावा.

पैसे आल्यावर साधनाचे पक्के बिल घ्यावे. ते 30 दिवसांच्या आत सादर करावे लागते. नाही तर रक्कम वसूल होऊ शकते. घरात नड असली की हा पैसा किराणा-औषधात जातो आणि मग बिल राहते. हे टाळावेच.

दुसरी जागा आपली ग्रामपंचायत. तिने स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. लकवा, अधू झालेले पाय, गेलेली दृष्टी यांमुळे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर केवळ "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नये. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) ऑनलाइन नोंद करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मागणी द्यावी, पोच घ्यावी आणि ग्रामसभेत विषय काढावा. लहान गावात ही रक्कम मोठी नसते, पण दोन कठड्यांना पुरू शकते.

घरकुल मंजूर झाले असेल, तर संधी जोत्याच्या वेळीच असते. पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. शौचालय घराला लागून, दार तीन फूट रुंद, उंबरा नाही, एवढे गवंड्याला आधीच सांगितले तर वेगळा खर्च जवळपास येत नाही. नंतर फोडाफोडी महाग पडते.

रॅम्पमध्ये सर्वात जास्त चूक होते. उंचीच्या बारा पट लांबी हवी: अर्ध्या फुटाच्या पायरीला सहा फूट, दोन फुटी ओट्याला चोवीस. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून गवंडी उभा रॅम्प करतो आणि तो पावसात घसरगुंडी होतो. त्यापेक्षा रुंद, बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बरा. कठडा भिंतीत पक्का रोवावा, कारण तोल गेल्यावर सगळा भार त्यावरच येतो.

कुठे अडलेच, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये तो आजच साठवून द्यावा.