झाडांनाही पांघरूण हवे!

थंडीची चाहूल लागली की घरोघरी वाकळा-गोधड्या उन्हात पडतात, लेकरांच्या कानाला फडकी बांधली जातात. पण बांधावरचे दोन वर्षांचे आंब्याचे कलम आणि परड्यातली पपई यांची आठवण किती जणांना होते? आमच्या वाचक बंधू-भगिनींनी यंदा ती जरूर ठेवावी, असे आम्हांस वाटते.

१९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोरडवाहू, मुरमाड तुकड्यावरही आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहू लागले. रोप मिळते, खड्डाही होतो. पुढची दोन-तीन वर्षे ते जगवण्याचा भार मात्र बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यावर येतो. ते रोप जळाले तर नुसते रोप जात नाही, तिने वाहिलेले पाणी आणि आपली वर्षे जातात.

आपल्याकडची थंडी किरकोळ समजू नये. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. आंबा, केळी, पपई ही उष्ण प्रदेशातली झाडे. माती गार पडली की त्यांची मुळे पाणी व अन्न ओढण्यात मंदावतात. त्यातच कोरडा वारा जमिनीतली ओल उडवून नेतो. मुळाशी आच्छादन असेल तर ओल टिकते आणि मातीचे तापमान रात्री एकदम घसरत नाही.

यासाठी पैसा लागत नाही. उसाचे पाचट, भाताचा पेंढा, सोयाबीनचा भुसा, वाळका पालापाचोळा, जे हाताशी असेल ते घ्यावे. आधी आळ्यातले तण काढून पाणी द्यावे, मग फांद्यांच्या घेराएवढ्या जागेत तीन-चार इंच जाड थर पसरावा. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी. ओला पाला खोडाला चिकटून राहिला तर साल कुजते. संत्रा-मोसंबीला डिंक्या रोगाचे भय असते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बी धरलेले गवत वापरू नये, नाहीतर पावसाळ्यात तेच तण होऊन उगवते. तेल्या पडलेल्या डाळिंबाचा पाला आळ्यात टाकू नये, तो बागेबाहेर नेऊन जाळावा. वाळवी व उंदरांसाठी थर अधूनमधून उचलून पाहावा. पाचट कुजताना मातीतले नत्र खाते, म्हणून थराखाली थोडे शेणखत घालावे.

आच्छादन मुळे राखते, शेंडा नव्हे. लहान रोपावर तुराट्या व गवताचे खोपटे करावे आणि सकाळचे ऊन लागावे म्हणून पूर्वेची बाजू उघडी ठेवावी. कडाक्याच्या थंडीचा अंदाज असेल तर संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. हे सारे लहान झाडांसाठी सांगितले. फळावर आलेल्या आंब्याचे पाणी मोहोरापूर्वी तोडावे लागते, त्याला हा नियम लावू नये.

उसाचा फड तुटला की पाचटाला काडी लावण्याची आपल्याकडे सवय आहे. यंदा ती काडी ओढण्याआधी आपल्या झाडांची आळी मोजा आणि तेवढे भारे बाजूला काढा. उन्हाळ्यात हंड्याच्या खेपा कमी झाल्या की घरातल्या बाईलाच विचारा, पाचटाचे मोल किती ते!