तारा उगवला की इच्छुक दारात

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक चार वर्षांनी येते, मनधरणी मात्र चारही वर्षं चालते. ती फक्त मतदारांची नसते. पक्षात एखादा नवा चेहरा चमकू लागला, की गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले इच्छुक त्याच्या गावाची वाट धरतात. कुणी त्याच्यासाठी निधी उभा करतं, कुणी त्याच्या सभेत भाषण ठोकतं, कुणी त्याच्या ठरावावर सही करून मोकळं होतं. आपली वेळ येईल तेव्हा या चेहऱ्याने आपल्या शेजारी उभं राहावं, एवढीच अपेक्षा. पुढचे किस्से वाचताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा: दारात गेलेल्याच्या हाती काय लागलं आणि ज्याच्या दारात सगळे गेले त्याचं पुढे काय झालं.

सगळ्यात भरगच्च किस्सा निकी हेली यांचा. 2010 मध्ये त्या साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळातल्या एक आमदार होत्या. आईवडील पंजाबातून आलेले, जन्म बॅमबर्ग नावाच्या छोट्या गावातला. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षातून चौघे रिंगणात होते आणि हेली मागे होत्या. तरीही मार्चमध्येच मिट रॉम्नी यांनी त्यांना पाठिंबा दिला. 2008 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत हेली रॉम्नींच्या बाजूने उभ्या होत्या, त्याची ही परतफेड. मे महिन्यात पक्षाच्या बड्या नेत्या सारा पेलिन पाठिंबा द्यायला येऊन गेल्या आणि वारं फिरलं. जानेवारी 2011 मध्ये हेली गव्हर्नर झाल्या तेव्हा त्या 38 वर्षांच्या होत्या, देशातल्या सर्वांत तरुण गव्हर्नर.

आता खरी गंमत. साउथ कॅरोलायनातली रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी अंतर्गत निवडणूक, 1980 मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून 2008 पर्यंत, जो तिथे जिंकला तोच दर वेळी पक्षाचा उमेदवार झाला. अशा राज्याची तरुण, लोकप्रिय गव्हर्नर कुणाचं नाव घेते याकडे 2012 चे सगळे इच्छुक डोळे लावून बसले होते. 16 डिसेंबर 2011 ला हेलींनी रॉम्नींचं नाव घेतलं. पडत्या काळात मदतीला आलेल्या माणसाला त्या विसरल्या नाहीत, हे मला मनापासून आवडतं. मतदारांनी मात्र त्यांचं ऐकलं नाही. 21 जानेवारी 2012 ला न्यूट गिंग्रिच सुमारे 40 टक्के मतं घेऊन जिंकले, रॉम्नी 28 टक्क्यांवर थांबले. पुढे उमेदवारी रॉम्नींनाच मिळाली, म्हणजे 1980 पासूनचा नियमही त्याच वर्षी मोडला.

2016 मध्ये पुन्हा तेच. प्रायमरीला तीन दिवस उरले असताना हेलींनी मार्को रुबिओ यांना पाठिंबा दिला. सिनेटर टिम स्कॉट आधीच रुबिओंकडे आलेले. तिघं एका मंचावर उभे राहिले, सगळे चाळिशी-पन्नाशीच्या आसपासचे. रिपब्लिकन पक्षाचा नवा चेहरा म्हणून त्या फोटोची खूप चर्चा झाली. जिंकले डोनाल्ड ट्रम्प, तेही रुबिओंपेक्षा दहा टक्के अधिक मतं घेऊन.

पण त्याच राज्यात आणखी एका माणसाने वेगळा डाव टाकला होता. 2010 मध्ये हेलींनी हरवलेल्या तिघांपैकी एक हेन्री मॅकमास्टर. 2016 मध्ये ते राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. बडे नेते ट्रम्प यांच्यापासून चार हात लांब राहत होते, त्या जानेवारीत मॅकमास्टर उघडपणे त्यांच्या बाजूने गेले. ट्रम्प निवडून आले आणि त्यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदी नेमलं ते हेलींना! हेली न्यूयॉर्कला गेल्या, त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि निवडणूक न लढवता मॅकमास्टर गव्हर्नर झाले. पाठिंब्याचा इतका चोख मोबदला अमेरिकेच्या अलीकडच्या राजकारणात मला दुसरा दिसत नाही.

हेलींची गोष्ट तिथे संपत नाही. टिम स्कॉट सिनेटमध्ये आले कसे? डिसेंबर 2012 मध्ये जिम डीमिंट यांनी जागा सोडत असल्याचं जाहीर केलं आणि गव्हर्नर या नात्याने हेलींनीच स्कॉट यांना तिथे नेमलं. 2024 च्या शर्यतीत दोघंही उतरले. स्कॉट नोव्हेंबर 2023 मध्ये बाहेर पडले. आता ते कुणाकडे जाणार? 19 जानेवारी 2024 ला ते न्यू हॅम्पशायरला गेले आणि ट्रम्प यांच्या शेजारी उभे राहिले. चारच दिवसांनी विजयाच्या सभेत ट्रम्प यांनी सर्वांसमोर त्यांना डिवचलं, की तुम्हाला नेमणाऱ्या बाईंचा तुम्हाला फारच राग असणार. स्कॉट पुढे आले आणि म्हणाले, मला तुमच्याबद्दल प्रेम आहे एवढंच. मला तो प्रसंग बघवला नव्हता. महिनाभराने हेली स्वतःच्या राज्यातही हरल्या, सुमारे 40 टक्क्यांवर. ज्या दारात एकेकाळी इच्छुकांची रीघ होती, त्या घरच्या बाईंना गावानेच नाही म्हटलं.

डुक्कर, मोटारसायकल आणि सात इच्छुक

आयोवा हे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. 2014 मध्ये तिथल्या जोनी अर्न्स्ट यांनी सिनेटसाठी एक जाहिरात केली. लहानपणी शेतावर डुकरांचं खच्चीकरण करायला शिकले, तेव्हा वॉशिंग्टनचा अनावश्यक खर्च कसा छाटायचा हे मला ठाऊक आहे, असा तिचा आशय. देशभर हशा पिकला आणि अर्न्स्ट घराघरांत पोचल्या. उमेदवारी पक्की व्हायच्या आधीच रॉम्नी आणि रुबिओ दोघांनीही त्यांना पाठिंबा दिला होता. त्या जिंकल्या, आयोवाने काँग्रेसमध्ये पाठवलेली ही पहिली महिला.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी बून गावात मेजवानी ठेवली: मोटारसायकलींची फेरी आणि भाजलेलं डुकराचं मांस. राष्ट्राध्यक्षपदाचे सात इच्छुक हजर! स्कॉट वॉकर आपली हार्ले घेऊन आले, रिक पेरीही दुचाकीवर स्वार झाले. अर्न्स्ट यांनी सर्वांचं स्वागत केलं आणि औपचारिक पाठिंबा कुणालाच दिला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये आयोवा जिंकलं टेड क्रूझ यांनी. त्या सातांत ते नव्हते.

मंच देणारा आणि मंच जिंकणारा

2004 च्या जुलैत बोस्टनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. उमेदवार जॉन केरी यांनी मुख्य भाषणासाठी इलिनॉयच्या राज्य सिनेटमधला एक तरुण निवडला, बराक ओबामा. देशात फारसं कुणी ओळखत नसलेला हा माणूस 27 जुलैच्या रात्री बोलला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचीच चर्चा. ओबामांच्या सिनेटच्या निवडणुकीसाठी त्याच वर्षी निधी जमवून देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन होत्या! चारच वर्षांनी ते दोघं उमेदवारीसाठी एकमेकांसमोर उभे ठाकले.

केरींच्या मनातही 2008 होतं. जानेवारी 2007 मध्ये त्यांनी तो विचार सोडला आणि जवळपास वर्षाने चार्ल्सटनला येऊन ओबामांना पाठिंबा दिला. इथे एक बोच होती. 2004 मध्ये केरींचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे जोडीदार असलेले जॉन एडवर्ड्स तेव्हा शर्यतीत होते, आणि चार्ल्सटन ज्या साउथ कॅरोलायनात आहे तिथेच एडवर्ड्स यांचा जन्म झालेला. आपल्या जोडीदाराच्या मातीत उभं राहून केरींनी दुसऱ्याचं नाव घेतलं. 2013 मध्ये ओबामांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं.

बड्या नेत्याने उगवत्या ताऱ्यापुढे किती वाकावं? 1947 मध्ये हॅरी ट्रूमन स्वतः राष्ट्राध्यक्ष होते. महायुद्ध जिंकून आलेल्या जनरल आयझेनहॉवर यांना त्यांनी सुचवलं, की वेळ आलीच तर तुम्ही डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार व्हा, मी आनंदाने उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहीन. ट्रूमन यांच्या हातची ही नोंद त्यांच्या ग्रंथालयात 2003 मध्ये सापडली. आयझेनहॉवर 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले खरे, पण रिपब्लिकन म्हणून.

आणि निव्वळ पैसा किती चालतो? 1980 मध्ये रिपब्लिकन उमेदवारीचे इच्छुक जॉन कॉनली यांच्यामागे साउथ कॅरोलायनाचे वजनदार सिनेटर स्ट्रॉम थर्मंड होते. कॉनलींनी सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर खर्च केले आणि देशभरात मिळवला पक्षाच्या अधिवेशनातला एक प्रतिनिधी. एकच.

सह्या सहा, होकार शून्य

26 जून 2018. न्यूयॉर्कमध्ये 28 वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना प्रायमरीत हरवलं. 2016 मध्ये त्यांनी बर्नी सँडर्स यांच्यासाठी कार्यकर्ती म्हणून काम केलं होतं. आता 2020 चे इच्छुक त्यांच्याकडे वळले. फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांनी आणि सिनेटर एड मार्की यांनी ‘ग्रीन न्यू डील’ हा पर्यावरणाचा ठराव मांडला. सिनेटमध्ये त्यावर सँडर्स, एलिझाबेथ वॉरन, कमला हॅरिस, कोरी बुकर, कर्स्टन गिलिब्रँड आणि एमी क्लोबुशार अशा सहा इच्छुकांच्या सह्या होत्या. दीडएक महिन्याने रिपब्लिकनांनी तो मुद्दाम मतदानाला आणला. निकाल: बाजूने 0, विरोधात 57. तो डाव उधळायला बहुतेक डेमोक्रॅट ठरवून तटस्थ राहिले आणि सही करणाऱ्यांपैकीही कुणी ‘हो’ म्हटलं नाही.

खरी चुरस वॉरन आणि सँडर्स यांच्यात होती. वॉरन यांनी ‘टाइम’ मासिकात ओकासिओ-कोर्टेझ यांच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. सँडर्स यांनी क्रेडिट कार्डावरचं व्याज 15 टक्क्यांत बांधायचं विधेयक त्यांच्यासोबत आणलं. 1 ऑक्टोबर 2019 ला 78 वर्षांच्या सँडर्स यांना हृदयविकाराचा झटका आला. मोहीम आटोपली असंच अनेकांना वाटलं. 19 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज पार्कमध्ये ओकासिओ-कोर्टेझ त्यांच्यासोबत मंचावर आल्या. गर्दी मोहिमेच्या मोजणीनुसार 25,000 हून अधिक. नेता अडचणीत असताना दिलेला पाठिंबा आणि लाटेवर स्वार असताना दिलेला पाठिंबा यांची किंमत एक नसते. म्हणून या यादीत मी हा सगळ्यात वर ठेवते. उमेदवारी शेवटी मिळाली जो बायडन यांना, आणि त्यांना तारलं ते तरुण ताऱ्याने नव्हे, तर साउथ कॅरोलायनाच्या जिम क्लायबर्न यांनी. तेव्हा ते 79 वर्षांचे होते.

काही तारे इच्छुकांना विशेष सोयीचे असतात: जे स्वतः कधी स्पर्धक होऊच शकत नाहीत. राष्ट्राध्यक्ष जन्माने अमेरिकी नागरिक असावा लागतो. अर्नोल्ड श्वार्झनेगर ऑस्ट्रियात जन्मले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना जानेवारी 2008 मध्ये त्यांनी जॉन मॅकेन यांना पाठिंबा दिला आणि पुढच्याच आठवड्यात मॅकेन यांनी ते राज्य जिंकलं. आत्ताचं उदाहरण न्यूयॉर्कचे महापौर झोहरान ममदानी यांचं. मुंबईच्या रस्त्यांवर ‘सलाम बॉम्बे’ चित्रित करणाऱ्या मीरा नायर यांचा हा मुलगा कंपालात जन्मला, म्हणजे ती दारं त्याला बंद.

जून 2025 मध्ये, प्रायमरी अजून व्हायची होती तेव्हाच ममदानींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नेत्यांत ओकासिओ-कोर्टेझ होत्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी किमान वय 35. ते त्यांनी 13 ऑक्टोबर 2024 ला पूर्ण केलं, आणि 2028 च्या चर्चेत आता त्यांचंही नाव घेतलं जातं.