विजेचा हिशेब झाला, गोगलगायीचा राहिला

घानातील व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे १९६५ साली धरण पूर्ण झाले, तेव्हा नवस्वतंत्र आफ्रिकेच्या औद्योगिक आकांक्षेचे ते प्रतीक मानले गेले. अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी या प्रकल्पासाठी आपली प्रतिष्ठा पणास लावली होती. त्याच्या विजेवर टेमा येथील अॅल्युमिनियमचा कारखाना चालावयाचा होता. सुमारे ८० हजार माणसांना त्यासाठी आपली गावे सोडावी लागली आणि जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचा जलाशय निर्माण झाला. परंतु जलाशय भरून काही वर्षे लोटतात न लोटतात तोच काठावरच्या काही वस्त्यांतील दहापैकी नऊ शाळकरी मुले बिल्हार्झिया या रोगाने ग्रासलेली आढळली. त्यांच्या लघवीतून रक्त जात होते.

हा रोग तेथे नवा नव्हता. नवे होते ते संथ पाणी. वाहत्या नदीत गोगलगायीला थारा मिळत नाही. नदी अडली, उथळ काठांवर पाणगवत माजले आणि त्या गवताच्या आश्रयाने बुलायनस जातीची, नखाहूनही लहान अशी गोगलगाय अमाप वाढली. मासळीच्या आशेने नदीच्या खालच्या अंगाचे कोळी जलाशयाकाठी येऊन राहिले. त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात रोगाचे कृमी होते. अशा रीतीने रोगी, पाणी आणि गोगलगाय यांची गाठ पडली.

दोन यजमानांचा कृमी

थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने १८५१ साली कैरो येथे हा कृमी शोधून काढला. तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोडे मात्र पुढे साठ वर्षे सुटले नाही. मियाइरी आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी १९१३ साली आपल्याकडील कृमीचा मधला यजमान गोगलगाय असल्याचे दाखविले. त्यानंतर दोन वर्षांनी लायपर यांनी इजिप्तमध्ये त्याचा पुरावा दिला.

रोग्याच्या लघवीवाटे किंवा विष्ठेवाटे कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म जीवाला काही तासांत योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर तो मरतो. सापडली, तर तिच्या देहात त्याची संख्या अनेक पटींनी वाढते आणि काही आठवड्यांनी दररोज शेकडो डिंभ पाण्यात सुटू लागतात. ते मुख्यतः दिवसा, उन्हाच्या वेळी बाहेर पडतात. मुले पोहण्यास आणि स्त्रिया धुणी-भांड्यांसाठी पाण्यात उतरतात तीच ही वेळ. डिंभ काही मिनिटांत कातडीतून आत शिरतो. पुढे कृमींची जोडी मूत्राशयाच्या वा आतड्याच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहून अंडी घालते. शरीरातच अडकून पडलेली अंडी खरे नुकसान करतात. मुलांना पंडुरोग होतो, त्यांची वाढ खुंटते आणि अभ्यासातील लक्ष उडते. काहींच्या मूत्राशयाचा पुढे कर्करोगही होतो. स्त्रियांच्या जननेंद्रियांत होणाऱ्या जखमांना गुप्तरोग समजले जाते आणि रोगाच्या यातनांत बदनामीची भर पडते.

गोळी आणि पाणवठा

या रोगावर औषध नाही असे नव्हे. १९७०च्या दशकात विकसित झालेले प्राझिक्वांटेल हे औषध स्वस्त व प्रभावी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचारांची गरज होती; प्रत्यक्षात सुमारे साडेसात कोटींनाच ते मिळाले. ही तूट भरून काढलीच पाहिजे. परंतु गोळीने शरीरातील प्रौढ कृमी मरतात, तळ्यातील गोगलगाय मरत नाही. सकाळी शाळेत गोळी घेतलेले मूल दुपारी त्याच पाण्यात उतरते. पाणी भरण्यास, अंग धुण्यास आणि जाळे टाकण्यास दुसरी जागा नसेल, तर त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

गोगलगायींवर विषप्रयोग करता येतो. पण निक्लोसामाइडसारख्या विषाने मासेही मरतात. ज्यांचे पोट मासळीवर चालते, त्यांनी ते तळ्यात टाकू द्यावे ही अपेक्षा व्यर्थ होय. अधिक शहाणपणाचे मार्गही आहेत. जपानने औषधोपचारांबरोबर शेतीचे पाट काँक्रीटने बांधून काढले, गोगलगायींचा आसरा मोडला आणि १९९६ साली यामानाशी प्रांतात रोग संपल्याचे जाहीर केले. सेनेगलमध्ये १९८६ साली दियामा धरण झाल्यानंतर तेथेही रोगाने उचल खाल्ली होती. तेथील गावांत पाणवठ्यावरचे पाणगवत काढून टाकल्याने गोगलगायी घटल्या आणि मुलांना पुन्हा होणारी लागणही कमी झाली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. काढलेले गवत खत आणि जनावरांचा चारा म्हणून उपयोगी पडले, ही त्यातील विशेष समाधानाची गोष्ट.

महाराष्ट्रालाही हा रोग सर्वस्वी परका नाही. १९५२ साली गाडगीळ व शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या या रोगाचे केंद्र असल्याची नोंद केली. भारतात तो आफ्रिकेसारखा फैलावला नाही. तथापि अनुकूल गोगलगाय आणि रोगी एका पाण्यावर आले, तर एखाद्या लहानशा ओढ्याकाठीही तो मूळ धरू शकतो, हे गिमवीने दाखवून दिले.

व्होल्टाचा धडा म्हणूनच केवळ वैद्यांसाठी नाही. धरण बांधणाऱ्या अभियंत्याने आणि त्यास पैसा पुरविणाऱ्या अर्थखात्याने तो आधी वाचावयास हवा. काठच्या गावाला विहीर वा नळ, शौचालय, दरवर्षीची औषधयोजना आणि पाणवठ्याची साफसफाई यांचा खर्च धरणाच्याच अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे. तो न धरल्याने धरण स्वस्त होत नाही. त्याची वसुली काठावरच्या मुलांकडून होत राहते.