बोटीच्या चाकाला नॉब बसवताय? आधी स्टेअरिंग कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

दापोली : १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर दुरुस्तीची कामं चालू असतात. नौका वर ओढलेल्या, इंजिनं खोललेली, कुठे फायबरचा थर मारणं चाललंय तर कुठे जाळी विणणं. या कामांतच काही नौकामालक आणि पर्यटकांच्या बोटी चालवणारे एक छोटं काम उरकून घेतात. स्टेअरिंगच्या चाकाला फिरती मूठ, म्हणजे नॉब, बसवतात. गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात हा नॉब काही शेकड्यांत मिळतो आणि बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. म्हणून फारसा विचार कोणी करत नाही. पण हीच वस्तू एका बोटीवर हाताला आराम देते आणि शेजारच्या बोटीवर मनगट मोडू शकते. फरक नॉबमध्ये नसतो, चाकाच्या मागे जी यंत्रणा आहे तिच्यात असतो.

नॉब आपल्याकडे बहुतेकांनी आधी पाहिला तो चिरेखाणीवरच्या जेसीबीवर. ऑपरेटरचा डावा हात चाकावरच्या नॉबवर आणि उजवा बकेटच्या लिव्हरवर असतो. पॉवर स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरवालेही तो लावतात, कारण बांधाशी वळताना एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने मागचा रोटाव्हेटर उचलायचा आणि मान मागे वळवून बघायचं, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. (कोकणातल्या निम्म्या शेतकऱ्यांना हा प्रश्नच नाही. पॉवर टिलरला चाकच नसतं!)

बोटीवरची गरजही तशीच आहे. धक्क्याला लागताना उजवा हात थ्रॉटलवर असतो. पुढे, न्यूट्रल, मागे, परत पुढे, असं सारखं चालू. त्याच वेळी चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. हायड्रॉलिक स्टेअरिंगला या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण चार ते सहा फेरे लागतात. एका हाताने कड धरून एवढे फेरे मारायचे तर हात सारखा सोडून परत धरावा लागतो, आणि तेवढ्या वेळात बोट वाऱ्याने सरकते. खाडीच्या तोंडावर गाळाची पट्टी टाळत आत येताना तर आणखीच घाई होते. अशा वेळी नॉब खरोखर उपयोगी आहे, त्यात वाद नाही.

पाण्याचा धक्का हातापर्यंत येतो का?

सगळा प्रश्न इथे आहे. सुकाणूवर किंवा आउटबोर्ड इंजिनवर पाण्याचा जो जोर येतो, तो उलटा चाकापर्यंत पोहोचतो की मध्येच अडतो?

हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये चाकामागे छोटा पंप असतो. चाक फिरवलं की तेल नळीतून मागच्या सिलिंडरकडे जातं आणि सिलिंडर इंजिन किंवा सुकाणू वळवतो. पंपात झडपा असतात. त्या तेल उलटं येऊ देत नाहीत. म्हणजे लाट कितीही आदळली तरी चाक आपणहून फिरत नाही, सोडलं तरी जागेवर राहतं. नॉब मुळात अशाच स्टेअरिंगसाठी आहे.

केबलच्या स्टेअरिंगमध्ये दोन जाती आहेत. एका जातीत चाकाच्या पेटीतच अशी सोय असते की उलटा जोर तिथे अडतो. तिथे नॉब चालतो, पण चाक हलकं असेल तरच. साध्या केबलला ही सोय नसते. आउटबोर्डचा पंखा ज्या दिशेने फिरतो त्यामुळे बोट सतत एका बाजूला ओढत असते, आणि ती ओढ चाक धरणाऱ्याच्या हातात येते. दोन्ही हातांनी कड धरली असेल तर ती वाटली जाते. नॉबवर एकच हात असतो, म्हणजे सगळा जोर एकाच मनगटावर आला.

तिसरा प्रकार ट्रॉलरवरचा. केबिनमधल्या चाकापासून साखळी आणि वायररोप पुल्यांवरून मागे सुकाणूपर्यंत जातो. मजबूत आणि दुरुस्तीला सोपी यंत्रणा, पण सुकाणूला बसलेला प्रत्येक दणका जसाच्या तसा चाकावर येतो. त्यातही धोका जास्त असतो तो मागे जाताना. नौका रिव्हर्स घेतली की पाणी सुकाणूच्या मोकळ्या कडेवर आदळतं आणि सुकाणू एकदम एका बाजूला पडायला बघतं. चाक गरकन फिरतं. कड धरलेला माणूस हात सोडून देतो आणि वाचतो. पण नॉब बसवलेला असेल तर तो चाकाबरोबर फिरत येऊन बोटांवर, मनगटावर नाहीतर कोपरावर आपटतो. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरवर पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग कसं झटका देतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको. अंगठा चाकाच्या आत घालू नये असं जुने ड्रायव्हर उगाच बजावत नाहीत.

आपलं स्टेअरिंग कुठल्या जातीचं हे कळत नसेल तर बोट किनाऱ्यावर असतानाच बघता येतं. इंजिन बंद ठेवून एकाने चाकावर नुसता हात ठेवायचा, दुसऱ्याने मागे जाऊन आउटबोर्ड किंवा सुकाणू हाताने जोरात ढकलायचं. चाक हललं तर जोर परत येतो. नॉब नको. हायड्रॉलिक असूनही चाक हललं तर पंपातल्या झडपा किंवा तेल यांत बिघाड आहे, आधी तो काढायचा. मात्र गंजून कुजलेली साधी केबलही या परीक्षेत पास होते, कारण ती अडकलेलीच असते! म्हणून चाक आधी दोन्ही टोकांपर्यंत हलकं फिरतं का ते बघा.

जड चाकावर नॉब हा उपाय नाही

नॉब घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं वेगळंच असतं. चाक जड झालेलं असतं आणि नॉबने जोर जास्त लागेल असं वाटतं. जोर लागतोही. पण जड होत चाललेली केबल म्हणजे तुटायला आलेली केबल. तिच्यावर आणखी जोर लावला तर ती कधी तुटेल सांगता येत नाही, आणि ती धक्क्याला तुटेल की भर समुद्रात हे आपल्या हातात नाही.

आउटबोर्डच्या बाबतीत पहिला संशय इंजिनच्या पुढच्या आडव्या नळीवर घ्यावा. केबलचा दांडा त्या नळीतून जातो. जुनं ग्रीस आणि मीठ मिळून तिथे दगडासारखा थर होतो. केबल काढून नळी साफ केली, नवं मरीन ग्रीस लावलं की पुष्कळदा चाक पहिल्यासारखं हलकं होतं. तरीही जड असेल तर केबल आतून गंजली आहे. तिच्यात वरून तेल सोडून उपयोग होत नाही, ती बदलावीच लागते. बाहेरचं प्लास्टिकचं आवरण कुठे फुगलं किंवा चिरलं असेल तर वेगळ्या तपासणीचीही गरज नाही. हायड्रॉलिकचं चाक मऊ लागतं, जास्त फेरे घेतं, तर तेलात हवा शिरली आहे. गळती कुठे आहे ते शोधून हवा काढायची. ट्रॉलरवर पुल्या आणि साखळी बघा, एखादी पुली फिरायचीच थांबलेली असते आणि वायर तिच्यावरून घासत जात असते.

बंदीच्या काळात ही कामं शांतपणे होतात. एकदा नौका पाण्यात गेली की कोण बघतो.

बसवायचा तर कुठे आणि कसा

थ्रॉटल उजवीकडे असेल तर नॉब डाव्या हाताला. बोट सरळ असताना घड्याळात नऊ ते दहा वाजतात त्या जागी बसवावा. केबलच्या स्टेअरिंगला याचा एक फायदाही आहे, नॉब कुठे आहे यावरून अंधारातही सुकाणू सरळ आहे का याचा अंदाज येतो. हायड्रॉलिकवर मात्र त्या खुणेवर विसंबू नये. तिथे चाक आणि इंजिन यांचा मेळ हळूहळू सरकत राहतो. आज दहावर असलेला नॉब काही दिवसांनी बोट सरळ असतानाही बारावर दिसेल. त्यात बिघाड नाही, ती यंत्रणाच तशी आहे.

कडेची जाडी मोजून त्याच मापाचा क्लॅम्प घ्या. खाली रबराची पट्टी द्या, नाहीतर नॉब कडेवरून घसरतो आणि तोही नेमका जोर लावताना. चाकाला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं टाळा. बोटीच्या चाकांची कड बहुतेक पोकळ नळीची असते, भोकातून खारं पाणी आत जातं आणि चाक आतून कुजतं. बोल्ट स्टेनलेसचे आणि नट नायलॉक घ्या. गाडीसाठीच्या नॉबबरोबर येणारे साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत फार टिकत नाहीत. चाक हातात आलंच आहे तर मधला मोठा नटही तपासून घ्या. नॉबमुळे चाकावर एका बाजूने ओढ पडते, ढिला नट आणखी ढिला होतो.

मग चाक दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून बघा. नॉब थ्रॉटलला, किल्लीला, गुडघ्याला किंवा डॅशबोर्डला कुठे अडतो का? हात मध्ये चेपत नाही ना?

एक गोष्ट हमखास विसरली जाते. आउटबोर्डवाल्या बोटीत इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावायची असते, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद होतं. ही लोंबती दोरी नॉबमध्ये गुंडाळली जाऊ शकते. मग एकतर भलत्या वेळी इंजिन बंद पडतं, नाहीतर चाक अडकतं. रेनकोटची ढगळ बाही, लाइफ जॅकेटचा लोंबता पट्टा यांचंही तेच. दोरी अशी लावा की ती चाकाच्या समोरून जाणार नाही. ती काढून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे.

वेगात असताना हात कडेवर

नॉब धक्क्यापाशी आणि खाडीत, कमी वेगात वापरायचा. बाहेर वेग घेतला की हात परत कडेवर, शक्यतो दोन्ही. लाटेवर बोट आदळली की उभा माणूस कशाला तरी धरतो. हातात नॉब असेल तर त्यालाच लटकतो आणि अंगाच्या भाराने चाक फिरतं. वेगातल्या हलक्या बोटीला तेवढं पुरे, ती एकदम वळते आणि कडेला बसलेली माणसं बाहेर फेकली जातात. डॉल्फिन बघायला निघालेल्या बोटीत लहान मुलं कडेलाच बसलेली असतात.

पहिली चाचणी प्रवासी न घेता, लाइफ जॅकेट घालून, दुसरा जाणता माणूस बरोबर ठेवून, भरतीच्या शांत पाण्यात करावी. सावकाश पुढे, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, मग रिव्हर्स. रिव्हर्समध्ये चाकाने हात खेचला तर परत येऊन नॉब काढून टाकायचा. परत आल्यावर नॉब गोड्या पाण्याने धुऊन त्याच्या फिरत्या भागात थोडं ग्रीस घालावं. मिठाने तो जाम झाला की मूठ फिरत नाही, मनगट फिरतं. त्यामुळे दर फेरीआधी तो बोटाने फिरवून बघायला हवा, आणि क्लॅम्पचे बोल्ट पहिल्या आठवड्यात एकदा परत आवळायला हवेत.