तीस, चाळीस की साठ?

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी झोप आणि रविवारी सकाळी कपड्यांचा डोंगर! फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं हे वेळापत्रक ठरलेलं. मशिनमध्ये सगळं कोंबायचं, अंदाजपंचे पावडर ओतायची, आधीच लागलेल्या प्रोग्रामवर बटण दाबायचं की आपण चहा प्यायला मोकळे. मग चार महिन्यांत काळा टॉप राखाडी होतो, स्ट्रेचेबल जीन्स गुडघ्यात ढगळते आणि शिव्या खातो तो कपड्याचा ब्रॅण्ड. खरा घोळ असतो तापमानाचा आणि डिटर्जण्टच्या मापाचा.

गरम पाणी म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. आजीच्या काळी सोडा घालून चादरी उकळायचे, तेव्हा ते ठीक होतं. आजच्या बऱ्याच डिटर्जण्ट्समध्ये एन्झाइम्स असतात. ती ३० ते ४० अंशांवर मस्त काम करतात आणि ६०च्या पुढे बरीचशी गळपटतात. दूध, अंडं किंवा रक्ताच्या डागावर थेट गरम पाणी ओतलंत, तर त्यातलं प्रोटीन शिजतं आणि डाग पक्का बसतो. असे डाग आधी थंड पाण्यातच भिजवा.

आता बिलाकडे वळू. मी साधं गणित मांडून पाहिलं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६०वर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. ४०वर थांबलात, तर जेमतेम पाव युनिट!

मग साठ अंश हवेत कशाला? टॉवेल, पांढऱ्या सुती चादरी, उशांचे अभ्रे, घरात कुणी आजारी असेल तर त्याचे सुती कपडे. धुळीतले माइट्स ६०ला मरतात, त्यामुळे अ‍ॅलर्जीवाल्यांनी चादरींसाठी हा खर्च जरूर करावा. ऑफिसच्या सुती शर्टांना ४० पुरेत. काळे कपडे, जीन्स, लायक्रा आणि प्रिंटेड कुर्ते थंड पाण्यात किंवा ३०वर, तेही उलटे करून. शंका आलीच तर लेबलवरचं टबचं चित्र बघा. आत एक ठिपका म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, चार म्हणजे ६०.

डिटर्जण्टचंही तसंच. माझी एक मैत्रीण फ्रंट लोडमध्ये बिनधास्त टॉप लोडची पावडर टाकायची, वर एक चमचा ‘आपल्याकडून’. मानेला खाज सुटली म्हणून डॉक्टरकडे गेली, तर पहिला प्रश्न आला, ‘पावडर किती टाकतेस?’ फ्रंट लोडला पाणी कमी लागतं. फेस जास्त झाला, तर कपडे नीट घासले जात नाहीत आणि साबण कापडातच राहतो. म्हणून त्याला कमी फेसाचंच डिटर्जण्ट हवं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर माप थोडं वाढवा, पण पाकिटावर दिलंय तेवढंच. लोकर आणि रेशमाला एन्झाइमवालं डिटर्जण्ट नकोच. तेही प्रोटीनच, त्यामुळे एन्झाइम डागासोबत धाग्यालाही खातं!

आणि हो, डब्यातल्या आमटीचा डाग. साबण लागताच तो लाल झाला, तर घाबरू नका, हळद अल्कलीत रंग बदलते. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, डाग फिका होत जातो.

नेहमी थंड पाण्यात धुणाऱ्यांच्या मशिनला कुबट वास येऊ शकतो. महिन्यातून एकदा ती रिकामीच गरम पाण्यावर फिरवा आणि एरवी दार किलकिलं ठेवा. तेवढ्यात तुमचा चहाही होईल!