टेनिस खेळते, म्हणजे कमावते?

"तां टेनिस खेळता मां, मगे तेका पैशाची काय कमी?"

मालवणच्या बाजारात, कुडाळच्या स्टँडवर, शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या मांडवात, कुठेही टेनिसचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. २०२३ च्या सप्टेंबरअखेर ऋतुजा भोसलेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाही लोकांनी मॅचची चर्चा कमी केली आणि तिला आता किती कोटी मिळणार याचीच जास्त. दर जुलैला विम्बल्डनची अंतिम लढत लागली की विजेतीच्या बक्षिसाचा आकडा पडद्यावर येतो आणि तोच सगळ्यांच्या डोक्यात बसतो. पालकही त्याच आकड्यावरून ठरवतात की मुलीला या खेळात घालावं की नाही. म्हणून हा गैरसमज एकदा नीट उलगडायला हवा.

मुळात 'प्रोफेशनल' हा काही पगाराचा हुद्दा नव्हे. टेनिसमध्ये खेळाडूला कुणी नोकरीवर ठेवत नाही. क्रिकेटमध्ये करार असतो, मानधन असतं, प्रवास आणि हॉटेल बोर्डाकडे असतं. टेनिस खेळणारी मुलगी स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, रॅकेटची तार, फिजिओ, प्रशिक्षक, सगळं तिच्या खिशातून. आपल्याकडे मच्छीमाराला हे समजावून सांगावं लागत नाही: डिझेल आणि बर्फाचा खर्च जाळं पाण्यात पडायच्या आधीच झालेला असतो, मासळी मिळो न मिळो.

आता मिळकत पाहू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या महिलांच्या स्पर्धांची सर्वांत खालची पायरी म्हणजे डब्ल्यू१५. २०२४ पासून या नावातला आकडा विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण सांगतो. सगळ्या स्पर्धेचं मिळून बक्षीस १५,००० डॉलर. हा आकडा ऐकून लोकांना वाटतं की जिंकणारी बारा-तेरा लाख घेऊन घरी जाते. तसं होत नाही. ही रक्कम एकेरीच्या ३२ जणींत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटली जाते. आठवडाभर पाच सामने जिंकून स्पर्धा मारणाऱ्या मुलीच्या हाती अडीच हजार डॉलरच्या आतली रक्कम पडते, म्हणजे साधारण दोन लाख रुपये. पहिल्या फेरीत हरली तर सुमारे दीडशे डॉलर, बारा-तेरा हजार रुपये. दुहेरीची विजेती जोडी हजार डॉलरच्याही आत घेते, आणि तेही दोघींत वाटून. पात्रता फेरीत हरलेलीच्या हाती तेवढंही पडत नाही. यातून यजमान देशाचा कर कापला जातो तो वेगळा.

आणि ही स्पर्धा असते कुठे? ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख. तिथल्या रिसॉर्टमध्ये आठवड्यामागून आठवडे छोट्या स्पर्धा चालतात आणि जगभरच्या मुली तिथेच मुक्काम ठोकून असतात, कारण दर आठवड्याला नवा देश, नवं तिकीट परवडत नाही. मंगळवारी हरली तरी पुढच्या स्पर्धेची पात्रता फेरी रविवारी. मधल्या दिवसांचं हॉटेल आणि जेवण चालूच. बारा हजार रुपये त्यात कसे पुरतील? म्हणून दोघी-तिघी मिळून एक खोली घेतात, प्रशिक्षकाला घरी ठेवून येतात, सामन्यातल्या चुका फोनवर सांगतात.

"हो, पण हे नवशिक्यांचं झालं," असं कुणी म्हणेल. म्हणून आकडे टेनिसच्याच संस्थेचे देतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या हंगामाचा अभ्यास केला. त्या वर्षी महिलांच्या प्रोफेशनल स्पर्धांत ४,८६२ जणी खेळल्या. त्यातल्या २,२१२ जणींनी एक डॉलरही कमावला नाही. महिलांच्या एकूण बक्षिसांपैकी ५१ टक्के पैसा पहिल्या २६ जणींकडे गेला. वर्षभर खेळायचा एका महिला खेळाडूचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर निघाला, आणि यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेलाच नव्हता. तो न धरताही जमाखर्च बरोबरीत आणायला जगात साधारण २५३ वा क्रमांक लागत होता. पुढे २०१८ मध्ये टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनेही हेच सांगितलं: पहिले अडीचशे ते साडेतीनशे खेळाडू सोडले तर बाकीच्यांचा खर्चही निघत नाही, आणि खालच्या पातळीवर सट्टेबाजांना शिरकाव मिळतो तो याच ओढगस्तीमुळे.

भारताचं उदाहरण हवं असेल तर सुमित नागलचं घ्या. तो पुरुष, तेव्हाचा देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने उघडपणे सांगितलं की बँकेत ९०० युरो उरले आहेत. वर्षाचा खर्च त्याने ८० लाख ते एक कोटी सांगितला होता. त्याच्या वयाच्या ज्या मुली त्याच विमानांनी त्याच देशांत जातात, त्यांना तिकीट स्वस्त मिळत नाही.

मग पैसा आहे कुठे? तो ग्रँड स्लॅममध्ये आहे, आणि तिथलं दार साधारण दोनशे तीसच्या आसपास बंद होतं. तेवढ्या क्रमांकापर्यंतच्या मुलींना मुख्य स्पर्धेत नाही तरी पात्रता फेरीत प्रवेश मिळतो. २०२४ मध्ये विम्बल्डनच्या पात्रतेची पहिलीच फेरी हरणाऱ्या खेळाडूला १५,००० पौंड मिळाले. ऑस्ट्रेलियन ओपनला ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर, फ्रेंच ओपनला २०,००० युरो, यूएस ओपनला २५,००० डॉलर. चारही ठिकाणी पहिलाच सामना हरली तरी कर कापण्याआधी सत्तर लाखांच्या घरात रक्कम होते. म्हणजे नागलने सांगितलेला वर्षाचा खर्च जवळपास निघाला. आणि जागतिक क्रमवारीत ३०० वर असलेली मुलगी वर्षभर अधिक सामने खेळून, अधिक सामने जिंकूनही यातला एक रुपया पाहत नाही. दोघींच्या खेळातला फरक कितीसा असतो? एखादा टायब्रेक, एखादी पोटरीची दुखापत. मिळकतीतला फरक मात्र घर विकायला लावणारा.

बरं, हे अंतर कापायचं कसं? गुण मिळवून. दोनशे तीसच्या जवळ जायला वर्षाला तीनशेहून जास्त गुण लागतात. डब्ल्यू१५ जिंकलं तर १५ गुण, डब्ल्यू३५ जिंकलं तर ३५. शिवाय हे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा ताप आला म्हणून चुकली, तर क्रमांक खाली. क्रमांक खाली म्हणजे पुन्हा छोट्या स्पर्धा, पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा खर्च. ज्या मुलीच्या घरी पैसा संपतो तिचा खेळ संपतो. तिच्यात दम नव्हता असं लोक मागाहून म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

ऋतुजाकडे परत येऊ. श्रीरामपूरची जन्मलेली, पुण्यात घडलेली, अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेली ही मुलगी. हांगझोला पहिला सेट २-६ असा हरून तिने आणि बोपण्णाने चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध सामना फिरवला. पण आशियाई स्पर्धेत टेनिसला बक्षिसाची रक्कम नसते आणि क्रमवारीचा एक गुणही नसतो. म्हणजे देशभर अभिनंदन होत असताना तिच्या जागतिक क्रमवारीत त्या सुवर्णाने काहीच भर पडली नाही. सरकारचं बक्षीस पदक आल्यावर मिळतं. पदकापर्यंत पोहोचायची दहा-बारा वर्षं घरचेच पोसतात. पदक न मिळवलेल्या मुलींचं काय, हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचंही तेच. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर कांस्य, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा सानियाची जोडीदार. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून तिथवर जाणं ही केवढी मजल आहे! पण ती खेळते दुहेरी, आणि दुहेरीत प्रत्येक रकमेचे दोन भाग होतात हे वर आलंच आहे. ऑलिंपिकपटू हा शब्द ऐकून तिच्या बँक खात्याचा अंदाज बांधू नये.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण चिवट आहेत.

तीनशेवा क्रमांक म्हणजे सुमार खेळ, हा त्यातला सगळ्यात अन्यायकारक. एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात आजवर एकच भारतीय स्त्री पोहोचली, सानिया मिर्झा, २००७ मध्ये २७ वी. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झालेली अंकिता रैना आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य जिंकून, देशाची अव्वल खेळाडू होऊन २०२० मध्ये १६० व्या क्रमांकापर्यंत गेली. आपल्या गावातला कुणी कुठल्याही कामात जगातला तीनशेवा असता तर आपण त्याची मिरवणूक काढली असती.

स्त्री-पुरुषांना सारखंच बक्षीस मिळतं, असंही सांगितलं जातं. चार ग्रँड स्लॅममध्ये मिळतं. यूएस ओपनने १९७३ पासून, विम्बल्डनने थेट २००७ पासून. इतर मोठ्या स्पर्धांत आजही सगळीकडे नाही. महिला टेनिस संघटनेनेच २०२३ मध्ये जाहीर केलेलं समान बक्षिसाचं वेळापत्रक २०३३ पर्यंत जातं.

"स्पॉन्सर असतातच की." पहिल्या शंभरात असतात. तीनशेच्या पुढे कंपनीने रॅकेट आणि कपडे दिले तरी खूप झालं, विमानाचं तिकीट कुणी देत नाही.

आई झाल्यावर संघटना पगारी रजा देते, ही बातमी २०२५ मध्ये आली आणि ती खरी आहे. मात्र ती योजना ठरावीक संख्येने वरच्या पातळीवरच्या स्पर्धा खेळलेल्या सुमारे ३२० जणींपुरती आहे.

छोट्या स्पर्धांकडे कुणाचं लक्ष नसतं, हेही अर्धंच खरं. प्रेक्षक नसतात, सट्टा लावणारे असतात. महिला टेनिस संघटना आणि महासंघाने २०२४ या वर्षाबद्दल जो अहवाल दिला, त्यात ४५८ खेळाडूंना समाजमाध्यमांवर शिवीगाळ आणि धमक्या आल्याची नोंद आहे. त्यातला ४० टक्के मजकूर पैसे हरलेल्या सट्टेबाजांचा होता. बारा हजार रुपयांसाठी खेळून हरलेली मुलगी खोलीवर येऊन फोन उघडते तेव्हा तिला हे वाचावं लागतं.

कोकणाचा आणि टेनिसचा संबंध नाही, असं तर आपलीच माणसं म्हणतात. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव, साल १९३४. तिची आई संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव. क्षमाबाईंचे वडील, अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित, यांचं घराणं मूळचं आपल्याच दक्षिण कोकणातल्या बांबुळीचं. मात्र लीलाबाईंच्या काळी बक्षिसाचा पैसाच नव्हता. प्रोफेशनल खेळाडूंना मोठ्या स्पर्धांची दारं १९६८ मध्ये उघडली. मुंबईच्या नामवंत डॉक्टरची मुलगी म्हणून त्यांना बोटीने विलायतेला जाऊन खेळता आलं. घरची ऐपत ही अट तेव्हाही होती, आजही आहे.

आणि छोट्या स्पर्धांतल्या मुलींचा खेळ बघायला परदेशी जावं लागतं, हा शेवटचा गैरसमज. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, सोलापुरात, नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय महासंघाच्या महिला स्पर्धा होत आल्या आहेत, बहुधा थंडीच्या दिवसांत. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांच्या सांघिक बिली जीन किंग चषकाचे आशिया-ओशनिया गटाचे सामने पुण्यातच बालेवाडीला झाले. श्रीवल्ली भमिडीपाटी, वैदेही चौधरी, अंकिता, प्रार्थना यांच्या संघाने दुसरा क्रमांक मिळवून पुढची फेरी गाठली. मालवणहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पुणं. ज्यांना आपल्या मुलीला हा खेळ द्यायचा आहे त्यांनी अकादमीची फी भरण्याआधी अशा स्पर्धेचा एक सोमवार किंवा मंगळवार बघावा, आणि हरून बाहेर पडणाऱ्या खेळाडूच्या आईवडिलांना महिन्याचा खर्च विचारावा. ते सांगतात.