सरासरी वाऱ्यातून रॉकेट उडत नाही

प्रक्षेपणतळावर पानही हलत नसलं, की वाऱ्याची चिंता मिटली असं अनेकांना वाटतं. पण रॉकेटचा खरा कस लागतो तो साधारण १० ते १५ किलोमीटर उंचीवर. तिथे वेग भरपूर वाढलेला असतो, हवा अजून पुरती विरळ झालेली नसते आणि जोराच्या वाऱ्यांचे अरुंद झोत, म्हणजे जेट प्रवाहही, याच पट्ट्यात वाहतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावरून, म्हणजे श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणतळाच्याही माथ्यावरून, असाच एक प्रवाह पूर्वेकडून धावतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन केलं.

वारा नुसता जोराचा असून बिघडत नाही. तो आधी ठाऊक असेल तर रॉकेटचा मार्ग त्याला धरून आखता येतो. उंचीगणिक वारा एकदम बदलला, की मात्र रॉकेट हवेच्या प्रवाहाला तिरकं पडतं आणि त्याच्या सांगाड्यावर वाकवणारा ताण येतो.

‘मग अनेक वर्षांची सरासरी काढा की!’ हा सगळ्यात चिवट गैरसमज. समजा, एके दिवशी ११ किलोमीटरवर जोराचा झोत आहे, दुसऱ्या दिवशी १३ वर. सरासरीत उरतात दोन बुटके उंचवटे. ज्याचा धोका होता तो तीव्र बदलच पुसला जातो. उलट, प्रत्येक उंचीवरचा सर्वांत वाईट वारा वेचून एकावर एक रचला, तर कधीच न वाहिलेला वारा तयार होतो आणि रॉकेट विनाकारण जड होतं. म्हणून शेकडो दिवसांच्या खऱ्या नोंदी अखंड ठेवून संगणकावर त्या प्रत्येकीतून रॉकेट उडवून पाहतात.

अशा चाचण्यांतून निघालेल्या ‘९९ टक्के वाऱ्यांत टिकेल’ या निष्कर्षाचा अर्थ शंभरातलं एक रॉकेट पडणार, असा नाही. त्या एका दिवशी ते उडवतच नाहीत.

तो दिवस ओळखायला फुगे सोडतात. अमेरिकेत केप कॅनव्हेरलला वापरलेला जिमस्फिअर हा फुगा मला फार आवडतो: दोन मीटर व्यासाचा चकचकीत गोळा, अंगावर जवळपास ४०० छोटे शंकू. गुळगुळीत गोळा चढताना स्वतःच डगमगतो आणि त्याचा माग काढणाऱ्या रडारला ती डगमग वाऱ्याची वाटते. शंकूंमुळे ती कमी होते. पण सेकंदाला ५ मीटर वेगाने चढणाऱ्या फुग्याला १५ किलोमीटर गाठायला ५० मिनिटं लागतात, आणि तोवर तो वाऱ्याबरोबर लांब वाहून गेलेला असतो. रॉकेटला भेटणारा वारा नवा असतो. म्हणून काही तासांच्या अंतराने सोडलेल्या फुग्यांच्या जोड्या तपासून, मधल्या वेळात वारा किती बदलू शकतो हे संख्याशास्त्राने ठरवतात. तेवढा बदल धरूनही ताण मर्यादेबाहेर जात असेल, तर उलटगणती थांबते.